जहाजावरील वाइन-आस्वाद : विद्या की विक्री?

'आस्वाद' हा शब्द साहित्यचर्चेत आज इतका रुळला आहे की, तो मूळचा भोजनातला आहे याचे आपणांस सहसा स्मरण राहत नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचे स्वरूप सांगताना दृष्टांत घेतला तो जेवणाचाच. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाताना प्रसन्नचित्त माणसास जसा निरनिराळ्या रसांचा स्वाद मिळून हर्ष होतो, तसेच नाटक पाहणाऱ्या सहृदयाचे होते, असा त्या विवेचनाचा आशय आहे. पुढील आलंकारिकांनी अनेक पदार्थ मिसळून केलेल्या पानकाचा दृष्टांत घेऊन तोच विचार अधिक सूक्ष्म केला. सारांश, जिभेची रसिकता आणि वाङ्मयाची रसिकता यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. तेव्हा जिभेची रसिकता शिकविण्याचे काम कोणी दाम घेऊन करू लागला, तर त्याच्या शिकवणीचे परीक्षण वाङ्मयविषयक मासिकात होणे अप्रस्तुत ठरू नये.

हे सांगण्याचे कारण असे. पूर्वी आपली माणसे बोटीने परदेशी जात ती शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी. आज सुशिक्षित मराठी कुटुंबे बोटीवर जातात ती बहुधा बोटीवर राहण्यासाठीच. कोणी मुंबईहून गोव्याची फेरी करतात. कोणी बार्सिलोनास किंवा रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरात जहाजावर चढून भूमध्य समुद्रात आठवडाभर हिंडून येतात. अशा मोठ्या जहाजांच्या दैनिक कार्यक्रमपत्रिकेत नृत्य, पत्ते, व्याख्यान यांच्या जोडीला बहुधा 'वाइन टेस्टिंग' ही एक बाब असते. तिला वेगळे शुल्क पडते. ते देऊन त्या बैठकीस बसावे की बसू नये, तेथे काही शिकावयास मिळते की केवळ खिसा हलका होतो, असा प्रश्न प्रवासास निघालेल्या कुटुंबांत हटकून निघतो. त्याचे उत्तर आम्ही येथे शोधणार आहोत. मद्यपान करावे की न करावे, हा निराळा प्रश्न आहे व तो ज्याच्या त्याच्या घराने सोडवावयाचा आहे. या लेखात आम्ही त्याचा निवाडा करू इच्छीत नाही. मात्र शरीरावर होणाऱ्या परिणामाचा जेवढा संबंध आस्वादाशी येतो, तेवढा विचार पुढे केलाच पाहिजे.

प्रथम या बैठकीचे स्वरूप पाहू. जहाज ज्या दिवशी कोणत्याच बंदराला लागत नाही, त्या दिवशी दुपारी भोजनगृहाचा एक कोपरा मांडला जातो. प्रत्येकापुढे चार ते सहा पेले असतात. 'सोमेलिए' म्हणून ओळखला जाणारा वाइनचा जाणकार कारभारी एकेक बाटली दाखवून तिचे कुलशील सांगतो. पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरून रंग पाहावा, मग तो गोल फिरवून वास घ्यावा, नंतर लहानसा घोट तोंडात घोळवावा आणि मागे रेंगाळणारी चव किती वेळ टिकते इकडे लक्ष द्यावे, असा विधी तो शिकवितो. पाऊणएक तासाने टाळ्या होतात आणि मंडळी उठतात.

या विधीस नुसते थोतांड म्हणून उडवून लावणे योग्य नव्हे. त्यात खरे ज्ञान आहे आणि ते थोड्या वेळात मिळण्याजोगे आहे. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग जिभेचा नसून नाकाचा असतो. नाक चिमटीत धरून घोट घेतला तर गोड, आंबट, कडू एवढेच कळते. नाक सोडताच घशामागून वर जाणारा वास मिळून वाइनला तिचे व्यक्तित्व येते. हा प्रयोग एकदा केलेला मनुष्य पुढे आंबा किंवा कॉफीदेखील निराळ्या जाणिवेने चाखू लागतो. तसेच, तांबड्या वाइनचा रंग द्राक्षाच्या रसातून नव्हे तर सालीतून येतो, बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस मुळात जवळजवळ रंगहीन असतो आणि साल रसाबरोबर आंबविली म्हणजेच तो तांबडा होतो, ही गोष्ट ऐकून पुष्कळांस नवल वाटते. सालीतून आणि बियांतून रंगाबरोबर तुरटपणाही उतरतो. पांढरी वाइन करताना रस आधीच सालीपासून वेगळा काढतात, म्हणून तिच्यात तो अत्यल्प असतो. कारण आणि कार्य यांचा असा संबंध डोळ्यांपुढे पेला असताना कळला की तो विसरत नाही.

तुरटपणाच्या या प्रकरणात तर मराठी माणूस परक्या पाहुण्याच्या एक पाऊल पुढेच आहे. आपल्या परंपरेने मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय असे सहा रस मानले. पाश्चात्य शरीरशास्त्र आज ज्या पाच मूळ चवी मानते त्यांत कषायाला स्थान नाही; तुरटपणा ही चव नसून तोंडाच्या त्वचेला होणारी कोरडेपणाची स्पर्शसंवेदना आहे, असे ते शास्त्र सांगते. वर्गीकरण काहीही असो, आवळा, जांभूळ किंवा ओली सुपारी खाल्लेल्या माणसास तुरट म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. जहाजावरचा गुरु 'टॅनिन' हा शब्द मोठ्या समारंभाने उच्चारतो, तेव्हा आपल्या आजीबाई शेजारी बसल्या असत्या तर 'म्हणजे तुरट ना?' असे सहज म्हणाल्या असत्या, आणि ते पूर्णपणे बरोबर ठरले असते.

येथेच या बैठकीतील पहिला धोका दिसू लागतो. गुरु म्हणतो, 'या वाइनमध्ये ब्लॅककरंट आहे, देवदाराची पेटी आहे, मागे किंचित लिकोरिस आहे.' समोर बसलेल्या पुणेकर गृहस्थांनी ब्लॅककरंट जन्मात चाखलेले नसते. तथापि ते मान हलवितात, त्यांच्या पत्नीही हलवितात, आणि अडाणी ठरण्याच्या भीतीने सारे टेबल मान हलविते. ज्या अनुभवासाठी पैसे मोजले तो अनुभव बाजूस राहून त्याचे परक्याने केलेले वर्णन तेवढे पदरात पडते. आमच्या मते हे नुकसान शुल्कापेक्षा पुष्कळ मोठे आहे. पैसे पुन्हा मिळविता येतात. स्वतःच्या जिभेवरचा विश्वास एकदा उडाला म्हणजे मनुष्य प्रत्येक बाबतीत दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागतो. पुस्तक आवडले की नाही हे ठरविण्यापूर्वी परीक्षण वाचणारा आणि गाणे ऐकताना पुढच्या रांगेतल्या माना पाहणारा श्रोता, हे दोघेही याच जातीचे होत.

वस्तुतः ही वासांची नावे ज्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडली, त्यांचा हेतु अगदी उलट होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत अॅन नोबल यांनी १९८० नंतरच्या दशकात वाइनच्या वासांचे एक चक्र तयार केले. 'डौलदार', 'खानदानी' असल्या पोकळ विशेषणांस त्यात जागा नव्हती. फळ, फूल, मसाला, माती, लाकूड अशा प्रत्यक्ष वस्तूंचीच नावे होती. एवढेच नव्हे, तर साध्या वाइनमध्ये ती ती वस्तू किंचित मिसळून नमुना तयार करावा आणि वास ताडून पाहावा, अशी सोय होती. म्हणजे शब्द पडताळून पाहता येईल असाच वापरावयाचा, हा त्या पद्धतीचा प्राण होता. हे तत्त्व मराठी माणसाने पाळावयाचे तर त्याने आपल्या स्वयंपाकघरातली आणि रानातली नावे वापरली पाहिजेत. एखाद्या वाइनमध्ये करवंदाचा वास येतो, दुसरीत जांभळाचा, तिसरीत लवंगेचा किंवा जायफळाचा, चौथीत पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा, असे जो स्वतः शोधून म्हणेल, त्याने बैठकीचे सार घेतले असे आम्ही समजू. गुरूने त्याला हसावे असे यात काहीच नाही. आणि तो हसलाच तर त्याच्या गुरुत्वाविषयी शंका घेण्यास ते पुरेसे कारण आहे.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. तो या बैठकीच्या धन्याविषयी आहे. समुद्रसफरीचा धंदा तिकिटावर जेवढा चालतो, तेवढाच जहाजावर चढल्यानंतर प्रवासी जो खर्च करतो त्यावरही चालतो. या धंद्यातील सर्वांत मोठ्या कार्निव्हल कंपनीचे २०१९ सालचे उत्पन्न सुमारे २,०८० कोटी डॉलर होते. त्यांपैकी सुमारे ६७० कोटी, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश, तिकिटाबाहेरचे होते. त्यात मद्यालये, जुगारगृहे, दुकाने, किनाऱ्यावरच्या सहली इत्यादि सर्व आले. अनेक जहाजांवर प्रवाशाला घरची एखादीच बाटली बरोबर नेण्याची मुभा असते आणि ती भोजनगृहात उघडावयाची तर बूच काढण्याचे शुल्क निराळे द्यावे लागते. हा व्यवहार आहे आणि त्यात लबाडी नाही; कंपनीने धर्मशाळा काढलेली नाही. परंतु शिकविणारा आणि विकणारा एकच असला म्हणजे शिकवणीस कोणते वळण लागते, याचा विचार शिकणाऱ्याने करावयाचा असतो. बैठकीतल्या बाटल्या स्वस्ताकडून महागाकडे अशा चढत्या क्रमाने येतात. किंमत आधी सांगितली जाते. अखेरची बाटली येते तेव्हा आवाज किंचित खाली जातो, जणू गाभाऱ्याचे दार उघडत आहे. आणि बैठक संपताच मागणीचा कागद फिरतो.

किंमत आधी सांगण्याचा परिणाम काय होतो, हे आता केवळ तर्काने सांगण्याचे कारण उरलेले नाही. २००८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी वीस लोकांना वाइन चाखावयास दिली आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. एकच वाइन एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून दिली गेली. नव्वद डॉलरची म्हणून दिलेली लोकांना अधिक आवडली. इतकेच नव्हे तर सुखसंवेदनेशी संबंध असलेल्या मेंदूच्या भागातही अधिक हालचाल दिसली. म्हणजे ती माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांना सुख खरोखरच अधिक झाले होते, मात्र ते वाइनचे नसून आकड्याचे होते. त्याच साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात लेबल झाकून घेतलेल्या सहा हजारांहून अधिक चाखण्यांचा हिशेब केला, तेव्हा शिक्षण न घेतलेल्या सामान्य लोकांना महाग वाइन स्वस्त वाइनपेक्षा सरासरीने कणभर कमीच आवडल्याचे आढळले.

मग जाणकार म्हणविणाऱ्यांची तरी काय कथा? २००१ साली फ्रान्समध्ये बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या चौपन्न विद्यार्थ्यांना निर्गंध रंग घालून तांबडी केलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांनी केले. कॅलिफोर्नियाच्या राज्य प्रदर्शनातील परीक्षकांना एकाच बाटलीतील वाइन नकळत तीनदा दिली गेली. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या कक्षेत गुण देणारे परीक्षक सुमारे एक-दशांशच निघाले. हा अभ्यास रॉबर्ट हॉजसन यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. या गोष्टी ऐकून काही मंडळी असा निष्कर्ष काढतात की, वाइनची रसिकता हा निव्वळ भ्रम आहे आणि तिच्या बैठकीत बसणे म्हणजे राजाची अदृश्य वस्त्रे वाखाणणे होय.

हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. परीक्षक चुकतात म्हणून परीक्ष्य वस्तूत भेदच नाही, असे ठरत नाही. ज्योतिषी चुकतो म्हणून ग्रह नाहीसे होत नाहीत. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या अभिरुचीच्या प्रमाणावरील निबंधात सर्व्हान्टिसच्या 'डॉन क्विक्झोट'मधील एक कथा घेतली आहे. सांको पांझाच्या दोन नातलगांना एका पिंपातील वाइनविषयी मत विचारले गेले. एक म्हणाला, वाइन चांगली आहे, परंतु तिला चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, परंतु लोखंडाची चव लागते. लोकांनी दोघांची थट्टा केली. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली एक जुनी किल्ली सापडली. या कथेचे मर्म असे की, सूक्ष्म जाणीव असू शकते आणि तिची सत्यता पडताळून पाहण्याचा मार्गही असू शकतो. ह्यूमने खऱ्या परीक्षकाला ज्या गोष्टी आवश्यक मानल्या, त्यांत जाणिवेची सूक्ष्मता, सराव, तुलना आणि पूर्वग्रहापासून मुक्तता या येतात. आमच्या प्रस्तुत प्रश्नाला याहून चांगला गज मिळणे कठीण. जहाजावरची बैठक तुलना पुरविते. सहा पेले एका ओळीत मांडलेले घरी कोणाला मिळणार? सरावाचा आरंभही तेथे होतो. परंतु पूर्वग्रहापासून मुक्तता ती देत नाही; उलट किंमत, घराणे आणि लेबल आधी सांगून पूर्वग्रह पेरून ठेवते.

पूर्वग्रह दूर केला म्हणजे काय घडते याचे प्रसिद्ध उदाहरण १९७६ सालचे आहे. २४ मे रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइनव्यापाऱ्याने फ्रान्सच्या नामांकित आणि कॅलिफोर्नियाच्या त्या काळी अपरिचित वाइन लेबले झाकून एकत्र मांडल्या. ज्यांचे गुण धरले गेले ते नऊही परीक्षक फ्रेंच होते. निकाल लागला तेव्हा पांढऱ्या वाइनमध्ये शातो माँटेलेना आणि तांबड्या वाइनमध्ये स्टॅग्ज लीप, अशा दोन्हीकडे १९७३ सालच्या कॅलिफोर्नियाच्याच वाइन पहिल्या आल्या. लेबले उघडी असती तर असा निकाल लागला असता असे कोणीही म्हणणार नाही. या प्रसंगात फ्रेंच परीक्षकांची फजिती झाली असे सांगण्याची प्रथा आहे. आमच्या मते त्यात त्यांच्या जिभेचा गौरव आहे. नावाचा दाब निघताच त्यांची जीभ त्यांच्या देशाभिमानाहूनही अधिक प्रामाणिक ठरली. जहाजावरील बैठकीत याच गोष्टीचा अभाव आहे आणि ती घडवून आणण्यास एका जाड कागदी पिशवीहून अधिक खर्च येत नाही.

तिसरा विचार परिमाणाचा. प्रत्येक पेल्यात साठ मिलिलिटर वाइन ओतली तर सहा पेल्यांची ३६० मिलिलिटर होते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ही जवळजवळ अर्धी बाटली झाली. वाइनमध्ये तेरा टक्के मद्यार्क धरला तर सुमारे ३७ ग्रॅम मद्यार्क पाऊण तासात पोटात जातो. धंदेवाईक परीक्षक दिवसाकाठी कितीतरी नमुने तपासतात, परंतु ते घोट गिळीत नाहीत, थुंकतात. कारण बुद्धि शाबूत ठेवल्याखेरीज परीक्षा होत नाही. जहाजावर थुंकण्याचे पात्र ठेवलेले असले तरी पैसे देऊन घेतलेला घोट टाकून देण्यास मन धजत नाही आणि चारचौघांत थुंकणे शिष्टसंमतही वाटत नाही. परिणामी चौथ्या पेल्यापासून पुढे सर्वच वाइन उत्तम लागू लागतात. सर्वांत महाग बाटली नेमकी त्याच सुमारास येते, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. मद्यार्काची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा ज्याला बसावयाचे आहे त्याने घोटभरच घ्यावे व उरलेले खुशाल टाकावे. यात काटकसरही आहे आणि रसिकताही.

चौथी गोष्ट स्थळाची. वाइन आणि जहाज यांचा संबंध एके काळी फार जिव्हाळ्याचा होता. अटलांटिकमधील मदेरा बेटावरची वाइन पिंपांत भरून उष्ण कटिबंधातून नेली जाई. हिंदुस्थानाकडे येणारी जहाजेही त्या बेटावर थांबून ती घेत. प्रवासातील उष्म्याने ती बिघडण्याऐवजी सुधारते असे आढळले आणि फेरी करून परत आलेल्या पिंपांस विशेष मोल येऊ लागले. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तोच उष्मा बेटावर कृत्रिम रीतीने देण्याची पद्धत सुरू झाली. 'मदेरा' या शब्दाचे आपल्या मदिरेशी साम्य दिसले तरी नाते नाही. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ लाकूड असा आहे. त्या काळी जहाज वाइन घडवीत होते. आज ते तिचे दुकान झाले आहे. मधल्या समुद्रात बसून बर्गंडीच्या टेकडीविषयी ऐकणे म्हणजे नाटक न पाहता त्याची जाहिरात वाचण्यासारखे आहे. याउलट, तेच जहाज फुंचाल बंदरास लागले तर मदेराची जुनी कोठारे शहरातच आहेत. पोर्तो येथे उतरले तर नदीपलीकडे व्हिला नोव्हा द गाया येथे पोर्ट वाइनची कोठारे आहेत. दुएरो नदीतून वर जाणाऱ्या लहान बोटींवरून तर पाटीच्या दगडांच्या उतारावर कोरलेल्या द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या दिसतात. त्या मुलुखाच्या सीमा १७५६ साली सरकारी हुकुमाने आखल्या गेल्या होत्या. तेथे घेतलेल्या एका घोटामागे माती, ऊन आणि माणसांचे श्रम डोळ्यांसमोर असतात. म्हणून ज्याला निवड करता येईल त्याने पैसा जहाजावर न घालविता बंदरावर घालवावा, असे आम्ही सुचवितो.

आणि ज्याला एवढ्या लांब जावयाचे नाही, त्याच्यासाठी नाशिक आहे. महाराष्ट्रात हा उद्योग नारायणगावास १९८० नंतरच्या दशकात रुजला आणि नाशिकच्या परिसरात 'सुला'ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००५ साली तेथे चाखण्याची स्वतंत्र खोलीही उघडली. युरोपात द्राक्षांची तोडणी साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्यात व एकदा पावसाळ्यानंतर, करतात आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. हा फरक का पडतो, पावसाळा मध्ये आल्याने वेलीला काय करावे लागते, हे मळ्यात उभे राहून विचारणाऱ्यास जे कळेल ते समुद्रावरच्या व्याख्यानात कळणार नाही.

यावर कोणी म्हणेल, 'सुट्टीत माणूस परीक्षा देण्यास जात नाही. चार घटका मजेत गेल्या, नव्या लोकांशी ओळख झाली, एवढे पुरे नाही काय?' या म्हणण्यात तथ्य आहे. भरतमुनींच्या दृष्टांतातही आस्वाद घेणारा प्रसन्नचित्त असावा लागतो आणि समुद्रावरील निवांत दुपारी ती प्रसन्नता जेवढी लाभते तेवढी घरच्या धकाधकीत क्वचितच लाभते. सोमेलिए मंडळींतही आपल्या विषयावर जीव असलेली माणसे असतात; योग्य प्रश्न विचारणारा भेटला तर ती विक्री विसरून तासभर बोलत राहतात. परंतु मजाच हवी असेल तर तिला विद्येचे नाव देऊन अधिक दाम का मोजावा? एक पेला घेऊन वरच्या मजल्यावर सूर्यास्त पाहत बसणे स्वस्त आहे आणि अधिक रम्यही. बैठक स्वतःला शिकवणी म्हणविते, म्हणून तिला शिकवणीच्याच कसोटीला लागावे लागेल.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. ही बैठक एकदा करून पाहण्याजोगी आहे, दुसऱ्यांदा नाही. ती सफरीच्या आरंभी करावी, म्हणजे शिकलेले उरलेल्या दिवसांत जेवणाच्या टेबलावर पडताळता येईल. सर्वांत साधी आणि कमी शुल्काची बैठक निवडावी. महाग बैठकीत बाटल्या भारी असतात, शिकवण तीच असते. बसण्यापूर्वी बाटल्या झाकून ओतण्याची विनंती करावी. ती नाकारली गेली तर नवराबायकोंनी एकमेकांचे पेले एकमेकांच्या नकळत अदलाबदल करून निदान आपल्यापुरती परीक्षा घ्यावी. किंमत ऐकण्यापूर्वी प्रत्येक पेल्यापुढे आपला शेरा कागदावर लिहावा आणि तो मराठीत लिहावा. त्या दिवशी एकही बाटली विकत घेऊ नये. दुसऱ्या दिवशीही ती हवीशी वाटली तर घ्यावी. जे मद्य घेत नाहीत त्यांनी आपण काही गमावले असे मानण्याचे कारण नाही. निरनिराळ्या मळ्यांचे चार चहा, किंवा देवगड आणि रत्नागिरी येथील हापूसच्या फोडी झाकून पुढे ठेवल्या, तर तीच विद्या घरातील मुलांसह सर्वांना शिकता येते.

कागदावरच्या त्या शेऱ्यांत आणि गुरूच्या वर्णनात अंतर पडेल, कदाचित सर्वांत स्वस्त पेल्यालाच आपण अधिक गुण दिलेले आढळतील. तसे झाले तर ते खोडू नयेत. बैठकीचे शुल्क वसूल झाले ते त्याच ओळीत.